भाषेगणिक ग्रंथालय की एका छपराखाली सगळ्या भाषा?

मुंबईने पहिली वाट धरली. १८६५ मध्ये फार्बस गुजराती सभा, १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ज्याने त्याने आपल्या भाषेचं घर बांधलं. अशा घरात एकाच भाषेचा संग्रह खोलवर जमतो. जुने, दुर्मीळ अंक जपले जातात. दिवाळी अंक आले की काउंटरवरच्या बाई न विचारता तुमच्या आवडीचा अंक पुढे सरकवतात. हे सुख मला फार मोलाचं वाटतं. पण शेजारच्या चाळीतल्या तेलुगू मुलीला त्या दारातून आत यायचं काही कारणच उरत नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये उलट. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७७ मध्ये स्थलांतरितांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. वस्तीत कोण राहायला आलंय ते बघून चिनी, स्पॅनिश, बंगाली पुस्तकं ठेवायची. सोबत इंग्रजीचे मोफत वर्ग. कार्ड एकच, तेही फुकट. आई तिच्या भाषेतलं मासिक चाळते, मुलगा पलीकडे इंग्रजी गोष्ट ऐकतो, आणि दोघं एकाच वेळी घरी जातात.

शहराच्या पैशाने चालणाऱ्या ग्रंथालयासाठी मी दुसरीच वाट निवडेन, पण एका अटीवर: ती लिपी वाचणारा माणूस तिथे हवा. नाहीतर मराठी पुस्तकाची नोंद फक्त रोमन अक्षरांत होते, आणि ‘टिळक’ शोधणारे आजोबा ‘ळ’साठी कोणतं अक्षर दाबायचं या विचारात कीबोर्डवर बोट धरून थांबतात.