चार रविवार आणि एक चहाघर: गेइशा-विषयक रोल प्ले लेखनाच्या कार्यशाळेविषयी

एकांकिका लिहिणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंचे संवाद स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची सवय असते. भांडण उकरून काढणारेही आपण, मिटवणारेही आपण आणि पडदा पाडणारेही आपणच. ही सवय थोडी तरी मोडावी, या हेतूने मी नागपूरच्या धंतोलीतील एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर एप्रिलचे चार रविवार भरलेल्या रोल प्ले लेखनाच्या कार्यशाळेत नाव नोंदवले. कथेचे स्थळ होते क्योटोमधील गेइशांची वस्ती. आयोजकांचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि ही मंडळी या कामात नवखी आहेत.

हा प्रकार अपरिचित असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक सहभागी एक पात्र घेतो आणि ऑनलाइन खोलीत त्या पात्राच्या वतीने, पाळीपाळीने, एकेक पोस्ट लिहितो. कथानक आधी ठरलेले नसते. ते पोस्टगणिक पुढे सरकते. शुल्क १,८०० रुपये होते. त्यात अडीच तासांच्या चार बैठका, एक छापील टिपण आणि महिनाभर खुली राहणारी ऑनलाइन खोली यांचा समावेश होता. आम्ही चौदा जण होतो. सहभागी आणि पात्रे दोन्ही सज्ञान असतील आणि प्रसंग शय्यागृहाच्या दारापर्यंतही जाणार नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले गेले. ते योग्यच होते आणि शेवटपर्यंत पाळलेही गेले.

पहिली बैठक माहितीची होती आणि ती एकंदरीत चांगली झाली. क्योटोमध्ये गेइशा या शब्दाऐवजी ‘गेइको’ म्हणतात आणि शिकाऊ मुलीला ‘माइको’. शहरात अशा पाच वस्त्या आहेत, गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. गेइको जेथे राहते ते घर ‘ओकिया’ आणि जेथे पाहुण्यांची बैठक रंगते ते ‘ओचाया’, हे सारे नीट समजावून दिले गेले. ओचाया या शब्दाचा सरळ अर्थ चहाघर असल्याने आमच्यापैकी एका तरुणाने आपल्या पात्राला पहिल्याच पोस्टमध्ये चहा उकळायला बसवले होते. वास्तविक ओचायात चहा हा विक्रीचा माल नसतो, जेवणही बहुधा बाहेरच्या स्वयंपाकघरातून मागवले जाते, आणि ओळखीच्या माणसाने शिफारस केल्याशिवाय नव्या पाहुण्याला आत घेण्याची तेथे रीत नाही. ही शेवटची गोष्ट लेखकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. नव्या पात्राला थेट दारातून आत न आणता, त्याची शिफारस कोणी केली आणि त्याने बेअदबी केली तर मान कोणाची खाली जाईल, एवढे जरी पहिल्या पोस्टमध्ये आले, तरी प्रसंगात ताण आपोआप येतो.

छापील टिपणाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. मुखपृष्ठावर ज्या स्त्रीचे चित्र होते, तिचा ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पुढच्या बाजूला बांधलेला होता. ती गेइशा नव्हे, ती ओइरान, म्हणजे जुन्या काळातील गणिका. गेइशाचा ओबी मागे बांधला जातो. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण वाचक याच चित्रावरून पात्राकडे पाहू लागतो. ‘गेइ’ म्हणजे कला आणि ‘शा’ म्हणजे व्यक्ती. नृत्य, शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे वादन, गायन आणि संभाषण यांवर जगणारी ही कलावंत मंडळी आहेत, आणि हा व्यवसाय प्रथम पुरुषांनी केला. स्त्रिया त्यात अठराव्या शतकात आल्या. तमाशातील कलावंत स्त्रीकडे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही गफलत अधिक लवकर कळायला हवी होती. खडी गंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या विदर्भातील माणसाला तर पुरुषही नाच्या होऊन कलेवर पोट भरतो, हे वेगळे सांगावे लागू नये.

दुसरी बैठक पोशाखात वाहून गेली. माइकोच्या ओबीची मागे लोंबणारी टोके, लाकडी उंच पादत्राणे, पहिल्या वर्षी केवळ खालच्या ओठाला लावायचा रंग, मानेवर पांढऱ्या लेपात मुद्दाम मोकळी सोडलेली त्वचा, हे सगळे वेधक आहे यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, पुढच्या आठवड्यात ऑनलाइन खोलीत आलेल्या बहुतेक पोस्ट कपड्यांच्या दुकानातील यादीसारख्या वाचायला लागत होत्या. एका पोस्टमध्ये किमोनोवर सोळा वाक्ये होती आणि ती नेसणारी स्त्री तोपर्यंत जिना उतरलीही नव्हती. मार्गदर्शकांनी हे वेळीच अडवायला हवे होते. पोशाखाचा तपशील केव्हा कामाला येतो, याचे उत्तर मला पुढे प्रत्यक्ष लिहिताना मिळाले. माइको केसांत जी फुले खोवते ती महिन्यागणिक बदलतात. फेब्रुवारीत आलुबुखाराच्या जातीचा मोहोर, एप्रिलमध्ये चेरी, नोव्हेंबरमध्ये लालसर मॅपलची पाने. ‘एप्रिल उजाडला तरी तिच्या केसांत मार्चचीच फुले होती’ एवढे एकच वाक्य लिहिले की, ती आजारी होती, की कोणी तिला सांगितले नाही, की सांगूनही तिने ऐकले नाही, हा प्रश्न समोरच्या लेखकाच्या हाती पडतो.

येथे तिसऱ्या बैठकीकडे वळते, कारण शुल्काची खरी वसुली त्याच दिवशी झाली. मार्गदर्शकांनी दोन पोस्ट मोठ्याने वाचल्या. पहिल्या पोस्टमध्ये गेइको खोलीत येते, वाकून नमस्कार करते, पाहुणा तिच्या सौंदर्याने थक्क होतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याला आपली दिवंगत पत्नी आठवते आणि तो निघून जातो. भाषा सुरेख होती. ती पोस्ट माझी होती. दुसऱ्या पोस्टमध्ये गेइको पाहुण्याचा पेला भरायला जाते, तो अजून अर्धा भरलेलाच आहे हे तिच्या लक्षात येते, आणि ती सुरई खाली न ठेवता हातातच धरून ठेवते. बस्स, तेथेच पोस्ट संपते. पाहुण्याचे पात्र ज्यांच्याकडे होते ते वीज खात्यातून निवृत्त झालेले काका माझ्याकडे वळून म्हणाले, “काहो ताई, माह्या पाहुण्याले तुम्हीच रडवलं अन् तुम्हीच घरी धाडलं, मंग मी काय करू?” सगळे हसले आणि मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही.

दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवणे, त्याच्या वतीने बोलणे किंवा त्याच्या मनातले ठरवून टाकणे याला या मंडळींच्या बोलीत ‘गॉडमोडिंग’ म्हणतात आणि ते सर्वांत मोठे पाप मानले जाते. मला मात्र त्यासाठी तमाशातील बतावणीची आठवण पुरेशी वाटते. बतावणीत सोंगाड्या प्रश्न टाकतो आणि थांबतो. तो थांबला नाही तर समोरच्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही, आणि जागा नसेल तर प्रेक्षक कितीही चांगला असला तरी हशा येत नाही. रोल प्लेमधील पोस्ट ही अशी अर्धी बतावणी असते. तिची शेवटची ओळ समोरच्यासाठी मोकळी ठेवावी लागते. केवळ प्रश्नचिन्हाने नव्हे, तर काहीतरी घडण्याच्या बेतात असताना.

गेइशाचा विषय या लेखनासाठी एवढा अनुरूप का आहे, हेही मला त्याच दिवशी उमगले. बैठकीत गेइकोचे काम स्वतः झळकण्याएवढेच, किंबहुना अधिक, समोरच्याला बोलते करण्याचे असते. पाहुण्याने सुरुवात केलेला विनोद ती संपू देते, त्याचा अडखळलेला शब्द सावरते, दोन पाहुण्यांमधील अवघड शांतता एखाद्या खेळाने मोडते. असे पात्र लिहायचे म्हणजे लेखकालाही हेच करावे लागते. जी पोस्ट स्वतःच सारे बोलून टाकते, तिच्यातील गेइको कितीही सुंदर नटलेली असली तरी आपल्या कामात कच्चीच ठरते.

काळाच्या मापाविषयी मार्गदर्शकांनी दिलेली सूचनाही मी वहीत अधोरेखित करून ठेवली आहे. पूर्वी गेइशाच्या वेळेचा हिशेब उदबत्ती जळण्यावरून ठेवला जात असे आणि जितक्या उदबत्त्या, तितके मानधन आकारले जाई. लेखकाला यासारखे साधन शोधून सापडणार नाही. पोस्टच्या आरंभी उदबत्ती पेटली, मध्ये ती अर्धी झाली, आणि बोलायची गोष्ट अजून ओठांवरच आहे, एवढ्याने प्रसंगाला हद्द मिळते आणि कोणी उगाच दहा पोस्ट रेंगाळत नाही. पोस्टच्या लांबीबद्दल मात्र त्यांनी घालून दिलेला २०० शब्दांचा दंडक मला पटला नाही. समोरच्याने चार ओळी लिहिल्या असतील तर आपण सहा लिहाव्यात, त्याने दोन परिच्छेद लिहिले असतील तर आपणही तेवढे द्यावेत. बैठकीत आवाज जसे एकमेकांशी जुळवून घेतात तसेच हे आहे, त्यासाठी शब्दमोजणी कशाला?

आता तक्रारी. कथा कोणत्या काळात घडते, हे तीन आठवडे ठरलेच नव्हते. परिणामी एका खोलीत कोणी मोबाइलवर फोटो काढत होते आणि शेजारच्या खोलीत एक सामुराई कमरेला तलवार लावून फिरत होता, वास्तविक जपानमध्ये जाहीरपणे तलवार बाळगण्यावर १८७६ सालीच बंदी आली. शेवटी १९३० चे दशक ठरले, ट्रामची घंटा आली, सामुराईला नाइलाजाने पेन्शनर करण्यात आले. तरीही एकीने कामिशिचिकेनमधील ‘कितानो ओदोरी’ हा नृत्योत्सव कथेत घातला, तो १९५२ साली सुरू झाला असूनही कोणी हटकले नाही. गिओनमधील ‘मियाको ओदोरी’ १८७२ पासूनचा आहे, तो सहज चालला असता. हवामानाचेही तसेच. जूनच्या मध्यावर क्योटोमध्ये पावसाळी, चिकट हवा असते. आमच्या खोलीत मात्र जूनमध्ये गरम झळा सुटल्या होत्या आणि गेइको ओठ सुकल्याची तक्रार करीत होत्या. नागपूरच्या उन्हात, कूलर घरघरत असताना लिहिणाऱ्याच्या हातून हे होणारच, पण तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटायला नको होते.

ऑनलाइन खोलीची अवस्था वाईट होती. लिहिता लिहिता ती बाहेर काढत असे आणि लिहिलेले नाहीसे होई. तिसऱ्यांदा असे झाल्यावर मी आधी वहीत लिहून मग उतरवू लागले. पोस्टवरचा अभिप्राय दोन दिवसांत मिळेल असे सांगितले होते, मला तो नवव्या दिवशी मिळाला, आणि त्यात ‘छान, अजून भावना आणा’ एवढेच होते. भावना आणण्याबद्दल जे शिकायला मिळाले ते वीज खात्यातील काकांकडून मिळाले.

त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होता. त्यांनी पाहुणा म्हणून निशिजिनचा एक रेशीम व्यापारी घेतला. निशिजिन हा क्योटोचा विणकरांचा भाग आणि कामिशिचिकेन त्याला लागूनच, तेथील व्यापारी या वस्तीचे जुने आश्रयदाते. माझी गेइको त्याच वस्तीतली. काका जपानी शब्द जवळपास वापरतच नसत. त्यांचा व्यापारी माझ्या पात्राच्या बाहीकडे पाही आणि अंगठ्याने स्वतःच्याच बाहीचा काठ चाचपत राही, जसे विणकर माणूस परके कापड पाहून करतो. पहिल्यांदा मला ते कळलेच नाही. मग मी माझ्या पात्राकरवी त्याची बाही सावरली, तेव्हा त्यांनी पुढच्या पोस्टमध्ये लिहिले की अंगठ्यावरचा घट्टा लपवण्यासाठी त्याने हात मागे घेतला. व्यापारी म्हणवणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर विणकराचा घट्टा! आम्ही दोघांनी मिळून पुढच्या अकरा पोस्ट याच एका घट्ट्यावर लिहिल्या, आणि टिपणातील एकाही सूचनेची आठवण मला त्या काळात झाली नाही.

नवी तुकडी दिवाळीनंतर घेण्याचा आयोजकांचा विचार आहे. ज्यांना एकट्याने कादंबरी लिहायची आहे, त्यांनी हे पैसे पुस्तकांवर खर्च करावेत. नाटक, श्रुतिका किंवा मालिका लिहिणाऱ्यांनी मात्र तिसऱ्या बैठकीसाठी तरी जावे, आणि टिपणाचे मुखपृष्ठ फाडून टाकावे. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. मधल्या सुटीत खालच्या गाडीवरचे तर्री पोहे मिळतात, पण ते खाऊन आल्यावर उरलेला तास पापण्या जड होतात, हे चार रविवारांच्या अनुभवावरून सांगते.

खोली बंद होण्याच्या रात्री माझी शेवटची पोस्ट अशी होती: उदबत्तीची राख वाकली आहे, पण अजून पडलेली नाही, गेइको सुरईला हात लावत नाही. काकांना त्या रात्री यंत्रणेने दोनदा बाहेर काढले आणि बारा वाजून गेले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर आले. व्यापाऱ्याने राखेकडे पाहिले नाही. त्याने रिकामा पेला पालथा घातला आणि म्हणाला, “धोटा अडकला की माझे वडील माग थांबवून गाणे म्हणत. ते गाणे मला अर्धेच येते.”