सायकलही न येणाऱ्या बाईला गाडी शिकवणारा साताऱ्यातला क्लास: माझा २१ दिवसांचा अनुभव

माझं वय ४९. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा मेढ्याच्या बाजूला, घर साताऱ्यात. मी कधी सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. दारात वॅगनआर आहे, पण ती आजवर ह्यांनीच चालवली. गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, पण बाजूचं दिसणं कमी झालंय, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं स्पष्ट सांगितलं. चार महिने गाडी कव्हरखाली उभी राहिली, बॅटरी उतरली. ती विकायची की मी शिकायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

खरं तर दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी पैसे भरून शिकायला गेले होते. त्याबद्दल आधी लिहिते, कारण त्याशिवाय ह्या क्लासची किंमत कळणार नाही. तिथे एका गाडीत आम्ही तिघी. १५ दिवस, रोज प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं. शिकवणारा मुलगा शेजारी बसून फोनवर बोलायचा आणि मी स्टिअरिंग धरायचे. गाडी छान चालायची. सिग्नलला थांबायची, परत निघायची. मला वाटलं, जमलं आपल्याला. सोळाव्या दिवशी ह्यांना शेजारी बसवून आमची गाडी बाहेर काढायला गेले, तर ती फाटकातून हलेना. सात-आठ वेळा बंद पडली. तेव्हा कळलं की क्लच आणि ब्रेक तो मुलगाच त्याच्या बाजूने दाबत होता. पंधरा दिवस मी फक्त स्टिअरिंग फिरवलं होतं. त्यानंतर मी दोन वर्षं त्या सीटवर बसले नाही.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या माणसाकडेही ब्रेक-क्लच असतात. नियमच आहे तो आणि तो हवाच. पण त्यामुळेच शिकणाऱ्याची फसगत होते. गाडी आपण थांबवली की शेजारच्याने, हे आपल्याला कळत नाही. रस्त्यावर डोळे असताना त्याच्या पायांकडे कोण बघणार?

ह्या वेळी आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी हा क्लास सांगितला. शिकवणारे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसवलं आणि सांगितलं, "मॅडम, ह्या गाडीत माझ्याकडंबी पाय हाय. मी तो वापरला की 'माझा' म्हणणार. मी बोललो नाही, तर समजायचं गाडी तुमचीच हाय."

आणि त्यांनी ते २१ दिवस पाळलं. मी ब्रेक दाबायला उशीर केला आणि त्यांनी दाबला की लगेच शब्द यायचा, "माझा." चढा आवाज नाही, रागावणं नाही. नुसतं माझा. मी घरी येऊन वहीत आकडा लिहून ठेवायचे. चौथ्या दिवशी पहिल्यांदा रहदारीत गेलो, त्या दिवशी अकरा. सातव्या दिवशी सात. बाराव्या दिवशी तीन. तेराव्या दिवशी पुन्हा सहा, कारण त्या दिवशी शनिवार होता आणि आम्ही राजपथावरून राजवाड्यापर्यंत गेलो होतो. अठराव्या दिवसापासून शून्य. विद्यार्थ्यांच्या वह्या मी पंचवीस वर्षं तपासतेय. कुणाची चूक नेमकी कुठे झाली हे त्याच क्षणी सांगणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. ह्या माणसाने ते एका शब्दात केलं.

आता पद्धत सांगते. पहिले तीन दिवस स्टिअरिंगकडे लक्षच द्यायचं नाही. पहाटे साडेसहाला एमआयडीसीतल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी करायची आणि फक्त डावा पाय. रेस अजिबात द्यायची नाही. क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाकायचा, टाच जमिनीवर टेकवायची आणि पंजा हळूहळू सोडत आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला असेल तर तळव्याला बारीक थरथर लागते. तिथे पाय धरायचा. हाच हाफ क्लच. दहा आकडे मोजायचे आणि परत क्लच दाबायचा. असं पहिल्या दिवशी तीस-चाळीस वेळा केलं असेल. डाव्या पोटरीत गोळा आला. पण तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, डोळे मिटून करा. मी मिटले आणि पायाला ती जागा सापडली. दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांत न कळलेली गोष्ट तीन सकाळींत कळली. मला त्या क्षणी भरून आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

साडीवर शिकायला जाणाऱ्या बायकांसाठी एक सूचना. माझ्या निऱ्या दुसऱ्या दिवशी क्लचखाली अडकल्या. मामांनी गाडी बंद करायला लावली आणि सांगितलं की एकतर पंजाबी ड्रेस घाला, नाहीतर निऱ्यांना खाली पिन लावून या. चप्पलही चालणार नाही, पातळ तळव्याचे, मागून बंद असलेले बूट हवेत. जाड तळव्यातून पायाला काही कळत नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण ह्याआधी मला कुणीही सांगितली नव्हती.

वेळेच्या बाबतीत हा क्लास प्रामाणिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे हलक्या खासगी गाडीसाठी शिकवणी किमान २१ दिवसांची आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास असायला हवं. इथे रोज पूर्ण अर्धा तास मिळतो, म्हणजे २१ दिवसांचे साडेदहा तास. किती वेळ चालवली त्याची नोंद एका रजिस्टरमध्ये होते आणि त्यावर रोजच्या रोज सही घेतात. आधीच्या ठिकाणी माझे हिशेबाने पावणेचार तास भरत होते आणि सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम घेतल्या होत्या. तुम्ही कुठेही शिका, पण सही रोज करा आणि त्यातली वेळ वाचून करा.

गाडी जुनी आल्टो आहे. क्लच आमच्या वॅगनआरपेक्षा जड आहे. त्यामुळे शेवटचे तीन दिवस मामा आमच्या गाडीत येऊन बसले, हे मला फार उपयोगी पडलं. आमच्या गाडीला त्यांच्या बाजूने ब्रेक नाही. ते हँडब्रेकवर हात ठेवून बसत.

साताऱ्यात शिकायचं म्हणजे चढ आला. गाव डोंगराच्या कुशीत, सपाट रस्ता शोधावा लागतो. दहाव्या दिवशी मामांनी मला समर्थ मंदिराच्या बाजूच्या चढावर नेलं आणि मधोमध थांबायला सांगितलं. हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट गिअर, पाय हाफ क्लचवर. आरशात बघते तर मागे एसटी येऊन उभी. एवढं मोठं तोंड आरशात भरून राहिलं. माझा पाय सुटला, गाडी बंद पडली. एसटीने हॉर्न दिला. मामा शांतपणे म्हणाले, "मागच्याचं मागचा बघंल ताई. ती थांबलीय, तिला ब्रेक हाय. तुम्ही तुमच्या पायाकडं बघा." पुन्हा चालू केली. ह्या वेळी आधी आवाज जड होऊ दिला, गाडीची मागची बाजू किंचित खाली बसल्यासारखी वाटली, मग थोडी रेस आणि मगच हँडब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे न जाता वर गेली. त्या दिवसापासून ते मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागले.

त्या चढावर आम्ही पुढचे तीन दिवस गेलो. बोगद्याकडेही गेलो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या रस्त्यातून, आत-बाहेर करताना खाली उतरतानाच कोणत्या बाजूने वर यायचं ते ठरवावं लागतं, ते चार वेळा करून घेतलं. खालच्या रस्त्याला पाचशे एक पाटी नावाच्या ठिकाणाजवळच्या गर्दीत दोन्ही बाजूंनी अंतर किती राहिलं हे कसं ओळखायचं, तेही तिथेच शिकले.

मी डिसेंबरमध्ये शिकले, म्हणजे ऐन ऊस हंगाम. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर गाडी चालवायची म्हणजे उसाचे ट्रॅक्टर असणारच. शेंद्र्याच्या दिशेने जाताना मामांनी मला दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरमागे वीस मिनिटं ठेवलं. ओव्हरटेक करू दिलं नाही. फक्त बघायला लावलं. मागची ट्रॉली डावी-उजवी झुलते, मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे ट्रॉली डोळ्यांना वाटते त्याहून रुंद असते. पुष्कळदा मागे दिवा नसतो. ट्रॅक्टरवाल्याला डेकच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. पुढे जायचं तर दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर अशी तिन्हीची लांबी धरायची, समोरचा रस्ता तेवढा मोकळा दिसत नसेल तर मागेच राहायचं, आणि डिपर दिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मेढ्याच्या रस्त्यावर मला आता हे रोज लागतं. कुठल्याही परीक्षेत हे विचारत नाहीत.

लायसन्सचं थोडक्यात. लर्निंग घरी बसून आधार कार्डावर ऑनलाइन काढलं. १५ प्रश्न, पैकी ९ बरोबर लागतात. क्लासने खुणांचा तक्ता दिला होता, तो आठवडाभर वाचला. लर्निंग सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. पहिल्या वेळी माझी आठाची आकृती नीट झाली, पण रिव्हर्समध्ये चाक रेषेवर गेलं आणि मी नापास झाले. पुन्हा परीक्षेसाठी सात दिवस थांबावं लागतं. ह्या सात दिवसांत मामांनी दोन सकाळी फक्त रिव्हर्स करून घेतला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. "माझ्याकडनं शिकवायचं राह्यलं, त्याचं कसलं पैसं," असं म्हणाले. दुसऱ्या वेळी पास झाले. कार्ड पोस्टाने घरी आलं. पोस्टमनदादांसमोरच पाकीट फोडलं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. क्लासकडे एकच गाडी आहे. ती एकदा दुरुस्तीला गेली तेव्हा चार दिवस शिकवणी बंद राहिली. नंतर ते दिवस भरून दिले, पण आपली रजा आखून शिकणाऱ्या माणसाची अडचण होते. संध्याकाळच्या वेळा घेऊ नका. आधीचा माणूस उशिरा सुटला की आपले वीस-पंचवीस मिनिटं ऑफिसात जातात. रात्रीची एकही शिकवणी नाही, ही मला मोठी उणीव वाटते. समोरच्या गाडीचे प्रखर दिवे डोळ्यांवर आले की काय करायचं, हे तोंडी सांगितलं, पण तोंडी सांगून ते येत नाही. चाक बदलणंही शिकवत नाहीत. ते मी आमच्या गॅरेजवाल्याकडून शिकले. ह्या दोन गोष्टी त्यांनी जरूर सुरू कराव्यात, मी त्यांना तसं सांगितलंही आहे.

फी मला ६,५०० रुपये पडली, आरटीओचं शुल्क वेगळं. ह्यापेक्षा स्वस्त क्लास गावात आहेत. पण पैसे भरण्याआधी कुठेही तीन प्रश्न विचारा: रोज घड्याळी किती मिनिटं, गाडीत आपल्याबरोबर आणखी किती जण, आणि शेवटचे दिवस आपल्या गाडीवर मिळतील का. इथे तिन्हींची उत्तरं मला न अडखळता मिळाली आणि तशीच पाळली गेली. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा रात्रीच्या शिकवणीसाठी राखून ठेवला आहे.

सकाळी साडेसहाची वेळ मागून घ्या. थंडीत काचेवर दव असतं, रुमाल जवळ ठेवा. बायकांना सुरुवातीला सोबत कुणाला आणायचं असेल तर मामा मागे बसू देतात. ह्यांना पहिले दोन दिवस मागे बसवलं होतं. मग मीच नको म्हटलं, कारण ते मागून सूचना द्यायचे आणि मला मामांचा "माझा" ऐकू यायचा नाही.

आता मी शाळेला गाडीने जाते. ह्यांना दर तीन महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. अजून तिथे एसटीनेच जातो. खंबाटकीचा घाट माझा एकटीचा झालेला नाही. पुढची तारीख मार्चमध्ये आहे. त्याआधी येत्या रविवारी पहाटे मामा शेजारी बसून यायला तयार झालेत, आमच्याच गाडीत. त्यांनी सांगितलंय की चाकांतली हवा आदल्या दिवशीच तपासून ठेवा आणि नाश्ता घाट उतरल्यावर.