वखारीतून घरी आलेले बारा इंची बँडसॉ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शहरातील एका लाकडाच्या वखारीत काही वर्षे धूळ खात पडलेले बारा इंची बँडसॉ यंत्र (दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीने लाकूड कापणारे) मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर १३,५०० रुपयांना विकत घेतले. चौघांनी उचलून ते छोट्या हत्तीत चढवले आणि जुळे सोलापुरातील माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवले. सांगाडा बिडाचा (ओतीव लोखंडाचा), टेबलही बिडाचे, बनवणाऱ्याची पाटी केव्हाच निघून गेलेली. अशी बिनपाटीची यंत्रे वखारी आणि फर्निचरच्या कारखान्यांतून अधूनमधून विक्रीला निघतात; घरच्या कामासाठी त्यांतले एखादे घ्यावे का, असा विचार करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय आहे. माझे मत आधीच सांगतो: यंत्र उत्तम निघाले, पण ते घेताना मी गंज, रंग आणि मोटारीचा आवाज पाहत बसलो आणि जे पाहायला हवे होते ते वरचे चाक हलवूनही पाहिले नाही.

गंजाची मला वाटलेली भीती व्यर्थ होती. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने तो टेबलाच्या पृष्ठभागावरच राहिला होता. रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी घासल्यावर खालचे बीड स्वच्छ निघाले. खरे दुखणे वरच्या चाकात होते. हे चाक एका स्थिर पिनवर दोन ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगांवर फिरते. "चालू स्थितीतील यंत्र" म्हणून मला विकलेल्या या यंत्रात बेअरिंगे नवीन होती, परंतु चाकातील त्यांची बैठक झिजून सैल झाली होती आणि ती घट्ट वाटावी म्हणून कोणीतरी आतल्या भिंतीवर पंचने ठिपके मारून ठेवले होते. हाताने चाक हलवले असते तर हा ढिलेपणा तिथल्या तिथे कळला असता.

येथे सोलापूरचा फायदा झाला. पूर्व भागात यंत्रमागांची कामे करणारे लेथवाले अजूनही आहेत आणि झिजलेल्या भागाला बुश (नळीसारखे कडे) घालून तो पुन्हा मापात आणणे हे त्यांचे रोजचेच काम. ज्या टर्नरकडे मी चाक नेले त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, हे दिवस ढकलायचं काम आहे." त्यांनी चाक चार जबड्यांच्या चकमध्ये धरले, डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावला आणि काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत एकेक जबडा किंचित सैल, किंचित घट्ट करत राहिले, या एवढ्याच गोष्टीला अर्धा तास लागला. नंतर बैठक ५५ मिलिमीटरपर्यंत बोअर करून तिच्यात पोलादी बुश दाबून बसवला आणि तो बेअरिंगच्या बाहेरच्या मापाला, म्हणजे ४७ मिलिमीटरला, आतून कातला. या कामाला मी पूर्ण गुण देईन. नवे चाक ओतून घेण्याचा विचार माझ्या मनात आला होता, तो त्यांनीच मोडून काढला.

चाकांवरचे रबर वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन तडकले होते. ते खरवडून नवे चिकटवणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. अवघड आहे ते त्याला मध्यभागी हलकासा उंचवटा देणे, कारण पट्टी चाकाच्या मध्यावर टिकून राहते ती या उंचवट्यामुळेच. खालचे चाक पट्टी न लावता मोटारीवर फिरवून आणि वरचे हाताने फिरवून, फळीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने मी तो आणला. त्यानंतर दोन्ही चाकांच्या कडांवर एक सरळ मोजपट्टी उभी टेकवून पाहिली, तर वरचे चाक दोन मिलिमीटर मागे निघाले. त्यामागे वॉशर घालून ते पुढे घेतले. हे न करता नुसत्या वरच्या चाकाच्या तिरकेपणाच्या स्क्रूवर पट्टी ताळ्यावर आणू पाहणारे दिवसभर स्क्रूच फिरवत बसतात. मीही बसलो होतो.

मोटार एक अश्वशक्तीची, थ्री फेजची, आणि घरात पुरवठा सिंगल फेज. टर्मिनलच्या डबीत सहा टोके होती, त्यामुळे स्टार जोडणी बदलून डेल्टा करता आली आणि ४१५ व्होल्टवर चालणारी तीच मोटार सिंगल फेजवरून २३० व्होल्टची थ्री फेज देणाऱ्या ड्राइव्हवर चालू लागली. ड्राइव्हला ७,२०० रुपये पडले. डबीत तीनच टोके असतील तर वाइंडिंगवाल्याकडे मोटार उघडावी लागते, म्हणून खरेदीपूर्वी झाकण काढून पाहावे. मोटारीची पुली चार इंची, चाकाची सहा इंची. १,४४० फेऱ्यांच्या मोटारीवर चाक मिनिटाला सुमारे ९६० वेळा फिरते आणि पट्टीचा वेग मिनिटाला ९२० मीटरांच्या आसपास येतो. लाकडासाठी तो योग्य आहे. लोखंडाला मात्र शंभर मीटरांपेक्षाही कमी वेग लागतो, त्यामुळे शेजाऱ्यांनी अँगल कापायला आणले तेव्हा त्यांना नम्रपणे परत पाठवले.

सर्वांत जास्त मनस्ताप पट्टीने दिला. पट्टीची लांबी काढणे सोपे आहे: दोन चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतराची दुप्पट अधिक एका चाकाचा परीघ, माझ्या यंत्राला ती ९२ इंच भरली. परंतु पहिली पट्टी ज्यांच्याकडे जोडून घेतली त्यांनी दोन्ही टोके किंचित तिरकी जोडली आणि सांध्यावरचा फुगवटा घासलाच नाही. प्रत्येक फेरीला, पट्टीला आधार देणाऱ्या गाइडपाशी "टक्" असा आवाज येई आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सांध्याशेजारीच तुटली. शिवाय ती मोठ्या चाकाच्या यंत्राची जाड पट्टी होती. बारा इंची चाकावर वाकून वाकून अशी पट्टी लवकर थकते. आता मी अर्धा मिलिमीटर जाडीची, अर्धा इंच रुंदीची पट्टी वापरतो, सांधा स्वतः बोटाने तपासतो आणि काम संपल्यावर ताण सैल करून ठेवतो.

बाजूच्या गाइडांचे अंतर एसटीच्या तिकिटाने लावतो: पट्टी आणि गाइड यांच्यामध्ये कागद जेमतेम सरकला की झाले. एवढे जुळल्यावर यंत्राने जे काम दिले त्याला तोड नाही. बाभळीचा पाच इंची ओंडका न अडखळता फाडला जातो आणि सागाच्या फळीतून पाव इंचाचे पत्रे निघतात, रंध्याचे दोन हात मारले की वापरायला तयार. कडुनिंब कापताना मात्र नाकाला मास्क हवाच, नाहीतर रात्रीच्या भाकरीपर्यंत घशात कडवटपणा राहतो.

लेथचे काम, रबर, बेअरिंगे, पट्ट्या आणि वाहतूक मिळून ६,८०० रुपये लागले. म्हणजे एकूण खर्च २७,५०० रुपये. महिनाभराच्या संध्याकाळी त्यात धरलेल्या नाहीत. ज्यांना आणल्या दिवसापासून लाकूड कापायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या ओळखीचा चांगला लेथवाला आहे त्यांनी चाकांना तडा नाही आणि टेबल सपाट आहे एवढे पाहून जरूर घ्यावे. वरचे चाक सैल निघाले तर त्यावरून दोन-तीन हजारांनी भाव पाडून घ्यावा.

चाकांवरची पत्र्याची झाकणे मूळ यंत्राबरोबर आलीच नाहीत. तुटलेली पट्टी त्या दिवशी माझ्या डाव्या कोपराजवळून भिंतीवर आदळली, तेव्हापासून दोन्ही चाकांवर प्लायवूडची पेटी बसवली आहे. खालच्या पेटीत भुसा साचतो आणि दर रविवारी ती उघडून झाडावी लागते. तिला पाइप लावण्यासाठी भोक पाडायचे काम तेवढे राहिले आहे.