कच्चा एओडी की तयार पीएम २.५? पुण्यापुरतं माझं मत

पुण्यातल्या लोकांच्या वाट्याला वर्षभर किती खराब हवा येते ते सॅटेलाइटवरून काढायचंय, डेटा कुठला घेऊ, असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी आधी नासाच्या टेरा आणि ॲक्वा सॅटेलाइटवरच्या मोडिस सेन्सरचा एओडी (हवेतले कण प्रकाश किती अडवतात तो आकडा; मायाक पद्धतीने काढलेला, एक किलोमीटरवाला) घेऊन त्यावरून पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, काढायचं मॉडेल स्वतः केलं, नंतर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची तयार पीएम २.५ ग्रिड (चौकोनाचौकोनाने आकडे भरलेला नकाशा) घेतली.

एओडीची मजा वेगळीच आहे. टेरा सकाळी, ॲक्वा दुपारी, रोजचा डेटा, आणि आर्द्रता, बाउंड्री लेयर (जमिनीलगतचा हवेचा थर), जमिनीवरच्या मॉनिटरशी जुळवणं सगळं आपल्या हातात, कुठला आकडा कुठून आला ते आपल्याला पाठ असतं. ग्रिडमध्ये जिओस-केम या हवेच्या रसायनांच्या कॉम्प्युटर मॉडेलपासून मॉनिटरच्या जुळवणीपर्यंत सगळं आधीच शिजवून ठेवलेलं, महिन्याची नाहीतर वर्षाची फाइल उघडायची आणि वाढून घ्यायचं.

मला नडला तो पावसाळा. ढगाखालचं मोडिसला दिसत नाही हे माहीत होतंच हो, पण जुलैच्या डेटावर स्क्रिप्ट चालवली तर एनए, एनए, एनए, म्हणजे आकडाच नाही, आख्ख्या महिन्यात कात्रजच्या पिक्सेलला दोनदा आकडा, त्यातला एक ढगाची कड निघाला. जाऊ दे म्हणून उरलेल्या दिवसांची सरासरी काढली आणि तिथेच फसलो, कारण पुण्याची हवा धुऊन निघते ती नेमकी याच महिन्यांत, ते गळले की वर्षाचा आकडा आपोआप फुगतो! पीएम २.५ ची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, त्याच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावर सगळ्या रिपोर्टचा सूर बदलतो, आणि मी महिनाभर रिग्रेशनमध्ये (एओडीवरून पीएम २.५ काढायच्या गणितात) चूक शोधत बसलेलो. शेवटी मॉनिटरचेही तेवढेच दिवस घेऊन बघितले तर तोही तेवढाच फुगला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

ग्रिडमध्ये खोट नाही असं नाही. ०.०१ अंश म्हणजे साधारण किलोमीटर, पण आतली माहिती तेवढी बारीक नसते, पाषाणची टेकडी आणि खालचा रस्ता तिला जवळपास सारखेच. पावसाळ्यातले आकडेही बरेचसे मॉडेलच्या भरवशावर. तरी मला रिकाम्या खान्यापेक्षा तो अंदाज परवडला, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

दम्याच्या रोजच्या ॲडमिशनशी जोडायचं असेल तर मात्र महिन्याची सरासरी काही कामाची नाही, एओडीच घ्या, फक्त रिकामे दिवस भरायला चार-पाच महिने जास्तीचे धरा. वॉर्डवार वर्षाचं एक्सपोजर एवढंच हवं असेल तर मी तरी परत त्या वाटेला जाणार नाही. ग्रिड उतरवून घ्या आणि वाचलेला वेळ लोकसंख्येच्या लेयरवर (कुठे किती लोक राहतात त्या नकाशावर) घाला, कारण २०११ च्या जनगणनेत आजचं वाघोली कुठे सापडायला बसलंय.