दुपटीवाला की बेरीजवाले? प्राचीन इजिप्तमधल्या थेबेस शहराच्या कोठारातली तुलना

हिशेब साधा होता: मजुरांच्या टोळीला रोज २१ पाव, तर वर्षाच्या ३६५ दिवसांचे किती?

थोरले कारकून बेरीजवाले. २१ मध्ये २१, त्यात आणखी २१, अशा ३६४ बेरजा. पगार रोजच्या पाव-बिअरवर, मग घाई कशाला? सरकारी काम आणि सहा महिने थांब हे फारोच्या राज्यातही चुकलं नव्हतं.

धाकट्याने पपायरसवर दुपटी मांडल्या. १ ला २१, २ ला ४२, ४ ला ८४, असं करत २५६ ला ५३७६. मग २५६, ६४, ३२, ८, ४ आणि १ यांच्यापुढे खुणा केल्या, कारण त्यांची बेरीज ३६५. समोरचे आकडे मिळवले: ७६६५. आठ दुपटी, पाच बेरजा, काम खलास! ही चक्क बायनरीच की, म्हणजे फक्त ० आणि १ ची संख्यापद्धत. २५६ पासून खाली येत खूण तिथे १, नाही तिथे ०: १०११०११०१. (संगणक यायला मात्र अजून हजारो वर्षं होती.)

दिवस दुप्पट झाले तर थोरल्यांच्या बेरजाही जवळपास दुप्पट होतात. धाकट्याची फक्त एक ओळ वाढते. माझं मत अर्थातच धाकट्याला.

मुकादमाने बढती थोरल्यांना दिली. ते दिवसभर काम करताना दिसत होते ना!