उरले किती? क्यूलॅब, इसाडोरा, रेझोल्यूम आणि लाइव्हमधलं घड्याळ

प्रयोग चालू असताना ऑपरेटरला सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न येतो? हेडसेटवर बॅकस्टेजवाला विचारतो, "अजून किती?" किती झालं हे कुणीच विचारत नाही. आणि गंमत म्हणजे बरीचशी सॉफ्टवेअरं किती झालं हेच आधी सांगतात, काही तर तेही धड सांगत नाहीत.

नाटकाला, नृत्याला किंवा मैफलीला व्हिडिओ-ध्वनी चालवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारणाऱ्यांना मी हल्ली इफेक्टची यादी वाचून दाखवत नाही. अंधारात, मान न वळवता, उरलेला वेळ वाचता येतो का ते बघा, एवढंच म्हणतो.

या परीक्षेत क्यूलॅब सहज पहिलं येतं. क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी सोडायचा आवाज किंवा चित्र, एकाखाली एक, आणि शेजारी 'ॲक्टिव्ह क्यूज'ची, म्हणजे चालू असलेल्या क्यूंची, पट्टी. पावसाचा आवाज, त्यावर सनई, त्यावर पडद्यावरची फिल्म, जे जे वाजतंय त्याची वेळ वेगवेगळी दिसते, आणि झालेल्या वेळेऐवजी उरलेली वेळ बघायची सोय तिथेच आहे. काही जोडावं लागत नाही, गणित करावं लागत नाही. अट एकच, मॅक हवा. विंडोजवर ते चालत नाही, आणि आपल्याकडच्या निम्म्या ग्रुपांचा विषय इथेच संपतो. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी मात्र किमतीला घाबरू नये. साध्या दोन चॅनलच्या ध्वनीला फुकट आवृत्ती पुरते, आणि मोठ्या प्रयोगापुरतं लायसन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळतं.

इसाडोरा दुसऱ्या टोकाला. ट्रॉइका रँच या अमेरिकन नृत्यसंस्थेच्या कामातून ते जन्मलं, मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालतं, आणि नर्तकीच्या हालचालीवर चित्र बदलायचं असेल तर मला आजही तेच जवळचं वाटतं. पण त्याचा मूव्ही प्लेअर फिल्म कुठवर आली हे शून्य ते शंभर टक्क्यांत सांगतो. पडद्यावर ३७.४२ दिसतं. आता सांगा, अजून किती?

उत्तर स्वतः बांधावं लागतं. फिल्म ८ मिनिटं २० सेकंदांची, म्हणजे ५०० सेकंद. त्याचे ३७.४२ टक्के म्हणजे १८७.१ सेकंद. हा झालेला वेळ, साठाने भागून ३ मिनिटं, बाकी ७. उरलेला हवा तर भागण्याआधी तो ५०० मधून वजा करायचा. हे कॅल्क्युलेटर ॲक्टर (इसाडोरात एकमेकांना जोडायच्या ठोकळ्याला ॲक्टर म्हणतात) जोडून किंवा जावास्क्रिप्टच्या चार ओळींत होतं. खरी मारामारी त्यानंतर. सेकंदांपुढे शून्य लावलं नाही तर '३:७' दिसतं, आणि घाईत वाचणाऱ्याला ते सत्तर की सात हे कळत नाही. सेकंद जवळच्या पूर्णांकात नेले तर १७९.६ चं '२:६०' होतं. म्हणून झालेला वेळ नेहमी खाली कापायचा आणि उरलेला वर चढवायचा, म्हणजे शून्य दिसेल तेव्हा फिल्म खरोखर संपलेली असेल. फॉन्ट असा घ्यायचा की सगळे आकडे सारख्या रुंदीचे असतील, नाहीतर एक आला की सगळी ओळ सरकते आणि डोळ्याला लुकलुक जाणवते. आकडे मी इंग्रजीच ठेवतो. देवनागरीवर राग नाही, पण वीस फुटांवरून १ आणि ९ एकच दिसतात.

एक चटका माझ्याच चुकीचा. फिल्मची लांबी मी हाताने लिहून ठेवली होती, ५०० सेकंद. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री दिग्दर्शकाने फिल्म कापून ७ मिनिटं ४० सेकंदांची केली. फाइल बदलली, आकडा तसाच राहिला. टक्क्यांवर चालणारं घड्याळ शेवटी शून्यावर बरोबर पोचतं, त्यामुळे चूक पटकन लक्षातही येत नाही. फक्त त्याचे सेकंद खऱ्या सेकंदांपेक्षा जोरात धावतात. घड्याळात दोन मिनिटं उरल्यावर जिची एन्ट्री होती, ती जवळजवळ दहा सेकंद उशिरा आली. तेव्हापासून लांबीचा आकडा फाइलच्या नावातच लिहितो.

रेझोल्यूम मधलं. विंडोजवर चालतं, लग्नाच्या संगीतापासून मोठ्या एलईडी भिंतीपर्यंत सगळीकडे दिसतं. वेळ मिनिट-सेकंदांत दाखवतं खरं, पण ती क्लिप पॅनलमध्ये, आणि पॅनल निवडलेल्या क्लिपचं असतं, वाजत असलेल्या क्लिपचं नव्हे. पुढची क्लिप तपासायला तिच्या नावावर टिचकी मारली की घड्याळ बदललं! पहिले दोन प्रयोग प्रत्येकाची इथे फसगत होते. विंगेत वेगळा स्क्रीन लावायचा तर ओएससीवरून, म्हणजे सॉफ्टवेअरांनी नेटवर्कवरून एकमेकांना निरोप धाडायच्या पद्धतीने, क्लिपची जागा बाहेर पाठवता येते, पण तीही शून्य ते एक अशा अपूर्णांकात. म्हणजे वरचं सगळं गणित इथेही आलंच.

गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमात एबलटन लाइव्ह वापरणारे खूप. सेशन व्ह्यूमध्ये, म्हणजे क्लिपा चौकटींत मांडलेल्या पडद्यावर, एकदाच वाजणाऱ्या क्लिपचा उरलेला वेळ ट्रॅकखाली मिनिट-सेकंदांत येतो, छान. लूप असेल तर तिथे छोटं गोल वर्तुळ फिरतं आणि आवर्तनांची संख्या दिसते. तबलजीला हे आवडतं, प्रकाशयोजनावाल्याला नाही. शिवाय अक्षर इतकं बारीक की शेजारी बसलेल्यालाही वाकून बघावं लागतं.

तेव्हा संहितेबरहुकूम चालणारं नाटक आणि हाताशी मॅक असेल तर क्यूलॅब, दुसरा विचार नको. विंडोज आणि व्हिडिओच जास्त असेल तर रेझोल्यूम, पण घड्याळासाठी एक दुपार राखून ठेवा. इसाडोरा तेव्हाच घ्या जेव्हा ते दुसऱ्या कारणासाठी हवंय आणि टीममध्ये पॅच, म्हणजे ॲक्टरांची जोडणी, बांधायला आवडणारा कुणी आहे. फक्त वेळ दिसावी म्हणून ते कुणी घेऊ नये. चौघांनाही सारखीच लागू पडणारी एक गोष्ट म्हणजे वेग. फिल्म अर्ध्या वेगाने चालवली तर फाइलमधलं एक मिनिट रंगमंचावर दोन मिनिटं घेतं. तुमचं घड्याळ यातलं कोणतं मिनिट दाखवतंय ते विकत घेण्याआधीच हातातल्या मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा. आणि स्क्रीनची परीक्षा टेबलावर नको, दिवे घालवून विंगेच्या तोंडाशी उभं राहून करा, जिथे नर्तकी घुंगरू धरून, आवाज न करता, आपल्या एन्ट्रीची वाट बघत असते.