सारायेव्होहून स्रेब्रेनित्सा: एका दिवसाची टूर, ५ पैकी ३

गाडी स्वच्छ, चालक वेळेवर. तरी दोन गुण कापले, कारण वाटेतल्या जेवणावर दीड तास आणि पोतोचारी गावातल्या हत्याकांडाच्या स्मारकाला जेमतेम दोन. चेवापी (खिम्याचे भाजलेले कबाब) छानच होते हो, पण आम्ही त्यासाठी नव्हतो आलो.

पोतोचारीतल्या जुन्या बॅटरी कारखान्यात बोस्नियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या डच शांतिसैनिकांचा तळ होता. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा घेतलं आणि हजारो बोस्नियन मुस्लिम तिथे आसऱ्याला आले. सर्ब सैन्याने बायका-मुलांना बसमध्ये कोंबलं, पुरुष आणि मुलगे वेगळे काढले. आठ हजारांहून जास्त मारले गेले. नंतर पुरावा लपवायला यंत्रांनी खड्डे उकरून प्रेतं दुसरीकडे पुरली, म्हणून एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडतात.

आमची गाइड स्रेब्रेनित्साच्या एका आईबद्दल, हातिजा मेहमेदोविचबद्दल, बोलली तेव्हा मात्र तिने घड्याळ पाहिलं नाही. नवरा अब्दुल्लाह, मुलगे अझमीर आणि अल्मीर, हातिजाचे तिघेही त्या हत्याकांडात गेले. निर्वासित म्हणून दिवस काढून ही बाई स्रेब्रेनित्सातल्या आपल्याच घरात परत राहायला गेली, जिथे मारेकऱ्यांपैकी काही मोकळे फिरत होते! इतर आयांना जमवून संघटना उभी केली, गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून शेवटपर्यंत भांडली. २०१८ च्या जुलैमध्येच वारली.

मला दोन मुलगे आहेत. पांढऱ्या दगडांच्या रांगांत मी एकाच आडनावाचे दगड मोजायला लागले आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

जायचं असेल तर स्वतंत्र गाडी करा. डबा सोबत न्या.